मोरवेलीला फूल येईपर्यंत

दवाखान्यात मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न औषधाचा नसतो, पथ्याचा नसतो, फीचाही नसतो. तो असतो, "डॉक्टर, किती दिवस लागतील?" ताप आलेला विचारतो, हाड मोडलेला विचारतो, खांदा आखडलेला विचारतो. मी सांगतो, सहा आठवडे. लगेच पुढचे वाक्य ठरलेले, "जरा लवकर गुण येईल असं काही द्या की!"

हाच प्रश्न मला एका वेलीबद्दलही विचारला जातो. आमच्या दवाखान्याच्या कुंपणावर मोरवेल आहे. कार्तिकात ती पांढऱ्या फुलांनी भरून जाते आणि नंबर लावून बसलेली मंडळी आपला आजार विसरून तिच्याकडे पाहतात. पुष्कळजण रोप मागतात. मीही आनंदाने देतो. पुढच्या कार्तिकात तीच मंडळी तक्रार घेऊन येतात, "डॉक्टर, तुमच्या रोपाला फूल नाही. खत कोणतं घालू?" मी सांगतो, "खत राहू द्या. अजून दोन पावसाळे जाऊ द्या." हे उत्तर कोणालाच आवडत नाही.

आरोग्याच्या सदरात फुलवेलीचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. परंतु गेल्या काही वर्षांत या वेलीच्या निमित्ताने मला जे दिसले, ते रुग्णांना सांगण्यासारखे आहे. शिवाय ही वेल औषधी म्हणून भलत्याच रीतीने वापरली जाते, तेही सांगायला हवे.

ही मोरवेल कोणती?

सह्याद्रीच्या घाटरस्त्यांनी पावसाळा सरल्यावर गेलात, तर झुडपांवर, करवंदीच्या जाळ्यांवर पांढऱ्या फुलांची चादर पसरलेली दिसते. ती बहुधा मोरवेल. काही भागांत तिला रानजाई म्हणतात. मात्र जाईशी तिचे नाते नाही. वनस्पतिशास्त्रात तिच्या वंशाला क्लेमॅटिस म्हणतात. या वंशात जगभर मिळून सुमारे तीनशे जाती आहेत. आपल्या घाटांत त्यांतल्या तीन-चार जाती आढळतात आणि बोलीभाषेत साऱ्यांना मोरवेलच म्हणतात.

या फुलाची गंमत अशी, की त्याला खऱ्या पाकळ्याच नसतात. कळीचे बाहेरचे आवरण चार भागांत उलगडते आणि तेच पाकळ्यांसारखे दिसते. मध्ये पुंकेसरांचा दाट झुबका असतो. फुले गळाली की प्रत्येक बीला पिसासारखी मऊ शेपटी फुटते आणि वाऱ्याबरोबर बी उडून जाते.

इंग्लंडातल्या बागांमध्ये याच वंशातल्या, बशीएवढ्या जांभळ्या फुलांच्या वेली फार लाडक्या आहेत. त्यांतली जॅकमनी नावाची प्रसिद्ध जात वोकिंग येथील जॅकमन यांच्या रोपवाटिकेत संकरातून तयार झाली आणि १८६२ मध्ये प्रथम फुलली. आपल्या हिमालयातली माँटाना ही जात १८३१ मध्ये लेडी ॲमहर्स्ट यांनी इंग्लंडात नेली. मोठ्या फुलांच्या त्या जाती थंड हवेच्या. आपल्या गावातला वैशाख त्यांना सोसत नाही. म्हणून चित्रे पाहून महागडे रोप मागवण्यापेक्षा आपल्याच घाटातली मोरवेल बरी.

पाला वाटून लावू नका

पुढे जाण्यापूर्वी महत्त्वाची सूचना. दोन वर्षांपूर्वी एक आजीबाई गुडघ्याला फडके गुंडाळून आल्या. फडके सोडले तर गुडघ्यावर मोठमोठे फोड आणि खाली लालबुंद कातडी. गुडघेदुखीवर कोणीतरी मोरवेलीचा ओला पाला वाटून बांधायला सांगितले होते. आजी म्हणाल्या, "आग झाली तशी वाटलं, औषध लागू पडतंय."

मोरवेल ही बचनागाच्या कुळातली. ओला पाला चुरडला की त्यातून प्रोटोॲनिमोनिन नावाचे द्रव्य तयार होते. ते कातडीला लागले की आग होते, फोड येतात, डोळ्यात गेले तर डोळा सुजतो, पोटात गेले तर तोंडापासून आतड्यापर्यंत दाह होतो. फ्रान्समध्ये या वंशातल्या एका वेलीला भिकाऱ्यांची वनस्पती असे नाव पडले आहे. कारण लोकांना दया यावी म्हणून जुन्या काळी तिथले भिकारी तिचा रस अंगाला चोळून मुद्दाम जखमा करून घेत. यावरून काय ते समजावे.

आयुर्वेदात मूर्वा या नावाने जी औषधी सांगितली आहे, ती म्हणून निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वनस्पती वापरल्या जातात. त्यांत मोरवेलही आहे. पण ते काम शिकलेल्या वैद्यांचे. घरच्या पाट्यावर वाटण्याचे नव्हे. वेल छाटताना हातमोजे घालावेत, नंतर हात साबणाने धुवावेत आणि छाटलेला पाला मुलांच्या व गुरांच्या तोंडी लागू देऊ नये. एवढे पाळले तर अंगणात ही वेल लावायला काहीही हरकत नाही. कण्हेर आपण पिढ्यान्‌पिढ्या लावतोच की.

तीन वर्षांचा हिशेब

इंग्लंड-अमेरिकेतले माळी या वेलीबद्दल सांगतात, की ती पहिल्या वर्षी झोपते, दुसऱ्या वर्षी रांगते आणि तिसऱ्या वर्षी धावते. आमच्या कुंपणावरचा अनुभवही साधारण तसाच आहे.

पहिल्या वर्षी वर काहीच दिसत नाही. दोन-चार हात लांबीची एखादी बारीक काडी, त्यावर समोरासमोर पानांच्या जोड्या, बस्स. लावणारा माणूस रोज जाऊन पाहतो आणि खट्टू होतो. पण त्या वर्षी सगळी कमाई जमिनीखाली खर्च होत असते. मुळे खोल जातात, पसरतात. पुढचा उन्हाळा काढायचा तर ओल कुठे आहे ते आधी शोधून ठेवावे लागते. दुसऱ्या वर्षी बुडातून आणखी फुटवे येतात, वेल कुंपणाला धरते, क्वचित एखादा फुलांचा घोसही दाखवते. तिसऱ्या पावसाळ्यात मात्र तिच्यात बळ आल्याचे एकदम जाणवते. श्रावणात पाहावे तो ती कुंपणाच्या पलीकडे गेलेली असते आणि पावसाळा सरला की कळ्या धरतात.

ज्यांनी पहिल्या वर्षी "हिला काही होत नाही" म्हणून उपटली, त्यांनी नेमकी तिची कमाईच उपटून टाकली.

लावण्याची रीत

ज्यांना लावायची आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जंगलातून वेल उपटून आणू नये. ती बहुधा जगत नाही आणि जंगलातलीही जाते. पौष-माघात शेपटीवाले बी वाळून उडू लागते, तेव्हा मूठभर बी आणावे. बी लगेच उगवेल या भरवशावर राहू नये, काही महिनेही लागू शकतात. ज्यांच्याकडे वेल आहे त्यांच्याकडून दाब कलम घेणे सोपे. जमिनीलगतची एक फांदी वाकवून तिचे एक पेर मातीत दाबावे, वर दगड ठेवावा आणि मुळे धरेपर्यंत मूळ वेलीपासून तोडू नये. त्यालाही आठ-दहा महिने द्यावेत.

जागा अशी पाहावी, की बुंध्याला सावली आणि शेंड्याला ऊन मिळेल. सकाळचे ऊन येणारी पूर्वेची बाजू उत्तम. दीड हात लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन तळाशी विटांचे तुकडे घालावेत, वर माती आणि चांगले कुजलेले शेणखत. पाणी साचले तर मुळे कुजतात. मृगाचा पाऊस पडून जमीन ओली झाली की रोप लावावे. बुंध्याभोवती पालापाचोळा किंवा दोन-तीन चपटे दगड ठेवावेत, म्हणजे मुळे थंड राहतात.

आधार हा महत्त्वाचा. ही वेल कारल्यासारखे तणावे सोडत नाही, की गुळवेलीसारखी सगळ्या अंगाने पीळ घालत नाही. तिच्या पानाचा देठच आधाराला वेढा घालतो. देठ केवढासा असणार? जाड खांब त्याच्या कवेत मावत नाही. म्हणून सुतळी, तार, जाळी किंवा बांबूच्या बारीक कामट्या द्याव्यात.

पाणी रोज शिंपडण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी भरपूर द्यावे, म्हणजे मुळे खाली जातात. युरिया घालू नये, नुसता पाला माजतो. उन्हाळ्यात पाने करपून वेल मेल्यासारखी दिसते. तेव्हा नखाने साल किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे असेल तर ती जिवंत आहे. छाटणी करायची ती वैशाखात, पावसापूर्वी. गणपतीनंतर कात्री लावू नये, कारण फुले येतात ती त्याच पावसाळ्यातल्या नव्या फुटीवर.

गुरुजींचा हात

आता ज्यांच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला त्यांच्याविषयी. त्यांचे नाव सांगत नाही. गावात त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात. चाळीस वर्षे त्यांनी मुलांना अक्षर शिकवले. फळ्यावरचे त्यांचे अक्षर पाहायला शेजारच्या शाळेतले शिक्षक येत.

फेब्रुवारी २०२२ मध्ये एका रात्री जेवताना त्यांच्या हातातला घास खाली पडला. तोंड किंचित वाकडे झाले, जीभ जड झाली. घरच्यांनी पाहिले, घाबरले, पण म्हणाले, रात्रीची वेळ आहे, झोपले की बरे वाटेल, सकाळी पाहू. सकाळी उजवा हात आणि पाय हलेना. जिल्ह्याच्या रुग्णालयात पोचेपर्यंत दुपार झाली. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ती वेळ केव्हाच टळून गेली होती.

पंधरा दिवसांनी गुरुजी घरी आले. पाय हळूहळू टेकू लागला, बोलणेही सुधारले. हात मात्र तसाच. व्यायाम शिकवले होते, ते दोन-अडीच महिने त्यांनी केले. मे महिन्यात मी घरी गेलो तेव्हा हात मांडीवर ठेवून भिंतीकडे पाहत बसले होते. म्हणाले, "डॉक्टर, हा हात मेला. आता उगाच मळणी घालण्यात अर्थ नाही." घरचेही कंटाळले होते. कोणी म्हणे तेल बदला, कोणी म्हणे अमक्या गावचा माणूस एका दिवसात बरे करतो.

मला तेव्हा फार वाईट वाटले. ज्या रात्री क्षणभरही थांबायचे नव्हते, त्या रात्री ते घर थांबले. आणि जिथे महिनोन्‌महिने थांबून काम करायचे होते, तिथे कोणालाच धीर निघेना.

जूनमध्ये गुरुजींच्या पत्नी, ज्यांना आम्ही सारे बाई म्हणतो, रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आल्या आणि जाताना मोरवेलीचे एक रोप घेऊन गेल्या. त्यांनी ते खिडकीखाली लावले आणि गुरुजींना सांगितले, "अहो, मला खाली वाकवत नाही. सुतळी तुम्ही बांधा." एका हाताने गाठ कशी मारणार? डाव्या हाताने गाठ मारायची, तर उजव्याने निदान टोक दाबून धरायला हवे. गुरुजी चिडले, पण बांधली. ती गाठ मारायला त्यांना अर्धा तास लागला, असे बाईंनी मला नंतर सांगितले.

तिथून रोजचे काम सुरू झाले. सकाळी सहाला उठायचे, काठी टेकत खिडकीशी जायचे, तांब्या उजव्या हातात धरून डाव्याने सावरत पाणी घालायचे, पानांवरचे किडे टिपायचे, सुटलेली फूट सुतळीला लावायची. शिकवलेले व्यायामही पुन्हा सुरू झाले. कारण बोटे चालली नाहीत तर गाठ बसत नाही, हे रोज दिसत होते.

२०२२ च्या कार्तिकात वेलीला फूल नव्हते. गुरुजींना तांब्या एका हाताने धरता येऊ लागला होता. २०२३ च्या कार्तिकातही फूल नव्हते. वेल मात्र खिडकीच्या गजांना भिडली होती आणि गुरुजी सदऱ्याची गुंडी स्वतः लावत होते. एकेका गुंडीला वेळ लागे. पण बाईंनी हात पुढे केला तर ते रागावत.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ती वेल फुलली. त्याच महिन्यात नात्यातल्या एका लग्नात गुरुजी पंगतीला बसले आणि उजव्या हाताने वरण-भात कालवून जेवले. थोडे सांडले. शेजारच्याने चमचा आणू का विचारले, तर नको म्हणाले.

अक्षर मात्र परत आले नाही. बँकेत सही करताना हात कापतो. कारकून दोनदा ताडून पाहतो. गुरुजींनी मला विचारले, "अक्षर येईल का हो?" मी म्हणालो, "पूर्वीसारखं येईल असं मी सांगू शकत नाही. पण लिहायचं थांबवू नका." ते रोज पाच ओळी लिहितात. त्या वहीतल्या ओळी अजून वाकड्याच आहेत.

वेलीने हात बरा केला असे मी म्हणत नाही. हात सुधारला तो रोजच्या सरावाने. मेंदूचा एक भाग निकामी झाला की शेजारचे भाग ते काम हळूहळू शिकतात. पण ते शिकतात ती कृती पुनःपुन्हा केल्यानेच. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा भराभर दिसते, नंतर तिचा वेग मंदावतो. मंदावला म्हणजे थांबला असे समजून पुष्कळ रुग्ण व्यायाम सोडतात. त्या आडवळणावर गुरुजींना रोज अंथरुणातून उठण्याला एक कारण मिळाले, एवढेच त्या वेलीचे काम. तेवढेही पुष्कळ झाले.

शास्त्र काय सांगते

हिरवाईचा आणि प्रकृतीचा संबंध आहे, हे अभ्यासातूनही दिसले आहे. अमेरिकेतले रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये सायन्स या नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध केली. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांची त्यांनी तुलना केली. २३ जणांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, तर २३ जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण सरासरीने थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक औषधेही कमी तीव्रतेची पुरली. पाहणी लहान होती, पण नोंद घेण्यासारखी होती.

१९७६ मध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात प्रयोग केला. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितले, तुमच्या दिवसाचे बरेचसे निर्णय तुम्ही घ्या, आणि हे रोप तुमचे, त्याची काळजी तुम्हीच घ्यायची. दुसऱ्या मजल्यावरही रोपे दिली, पण पाणी परिचारिका घालतील असे सांगितले. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची मंडळी अधिक उत्साही आणि तरतरीत आढळली. यात केवळ रोपाचा गुण नाही, जबाबदारीचाही आहे. घरातल्या वृद्धांना "तुम्ही बसा, आम्ही करतो" म्हणणाऱ्या मुला-सुनांनी हे ध्यानात घ्यावे.

आणि चार्ल्स डार्विन! प्रकृतीने ते कायमचे आजारी. आजारपणामुळे खोलीबाहेर पडता येत नव्हते, तेव्हा त्यांनी एक वेल कुंडीसह खोलीत आणून ठेवली आणि तिचा शेंडा कसा फिरतो हे रात्रंदिवस टिपले. चढणाऱ्या वेलींवरचा त्यांचा निबंध १८६५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात क्लेमॅटिसच्या अनेक जाती आहेत. दोऱ्याचा अगदी हलका फास अडकवला तरी देठ हळूहळू वळतो आणि आधाराला धरल्यावर देठ जाड व कठीण होतो, हे त्यांनी दाखवले. खाटेवर पडलेल्या माणसालाही रोज पाहण्यासारखे काही असले, की दिवस कसा भरतो याचे हे उत्तम उदाहरण.

थांबायचे कोठे?

उपचारातही पहिले वर्ष मुळांचे असते. काही गोष्टी वाचकांनी कापून ठेवाव्यात.

क्षयरोगाच्या रुग्णाला औषध सुरू केल्यावर काही आठवड्यांतच बरे वाटू लागते. ताप जातो, भूक लागते. पण नेहमीच्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. बरे वाटले म्हणून मध्येच गोळ्या सोडल्या तर रोग उलटतो आणि औषधांना दाद देईनासा होतो. रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्यांनी रक्त भरून आल्यावरही साधारण तीन महिने त्या चालू ठेवाव्या लागतात, म्हणजे शरीरातला साठा भरतो. थायरॉईडच्या गोळीचा डोस बदलला तर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासावे, आठ दिवसांनी तपासून उपयोग नाही. मधुमेहात तीन महिन्यांच्या सरासरीची जी तपासणी असते, ती नावाप्रमाणे दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते. आदल्या दिवशीचा उपवास तिला फसवू शकत नाही. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, क्वचित अधिकही लागतात. आखडलेला खांदा सुटायला तर एक वर्षापासून तीन वर्षेही जातात. या साऱ्यांत थांबणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. गोळी वेळेवर, व्यायाम रोज, तपासणी ठरल्या तारखेला.

थांबू नये ते कोठे?

आणि हे त्याहून महत्त्वाचे. तोंड वाकडे झाले, एक हात वर उचलेना, बोलणे अडखळले, तर घड्याळ पाहा आणि त्याच क्षणी निघा. रात्रीचे दोन वाजले असले तरी. छातीत दाब, घाम आणि दुखणे जबड्यात वा हातात जात असेल, तर पित्त म्हणून सोडा पीत बसू नका. सर्पदंशात मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवू नका. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा. स्तनातली गाठ दुखत नाही म्हणून लपवू नका. मधुमेह्याच्या पायाची जखम पाहत राहू नका. गुरुजींच्या घरात त्या रात्री कोणी गाडी काढली असती, तर कदाचित आज फळ्यावरचे ते अक्षर शाबूत असते.

बागकाम करताना

शेवटी, ज्यांना वेल लावायची त्यांनी आपलीही काळजी घ्यावी. मातीत काम करताना पायांत चप्पल-बूट हवेत, विशेषतः मधुमेह्यांनी. अनवाणी पायांतून हुककृमीही शिरतो. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले ते आठवून पाहा. दहा वर्षे होऊन गेली असतील तर डॉक्टरांना विचारा. काम सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर करावे. गुडघे दुखत असतील तर पाट किंवा स्टूल घेऊन बसावे. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. आठवड्यातून एकदा ती घासून कोरडी करावी. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि ती ताटलीच्या कडेला चिकटून राहतात, म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही.

प्रौढ माणसाने आठवड्याला निदान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. खणणे, पाणी वाहणे, वाकून तण काढणे हे सारे त्यात धरता येते. फिरायला जायचा कंटाळा येणाऱ्यांना ही चांगली वाट आहे.

दवाखान्याच्या कुंपणाशी या वर्षी मी सात-आठ फांद्या दाबून ठेवल्या आहेत. मृगात रोपे तयार होतील. ज्यांना हवी त्यांनी न्यावीत. रोप देताना मी एक चिठ्ठी बरोबर देणार आहे. तिच्यावर लावल्याची तारीख आणि त्याखाली तीन वर्षांनंतरचा कार्तिक लिहिलेला असेल. त्याच्या आधी फुलाची तक्रार ऐकली जाणार नाही. रक्तदाब तपासायला मात्र दर महिन्याला यावे.